काठाच्या डेनिमचे मोल

महोदय,

जुन्या घाटणीच्या जपानी सेल्व्हेज (विणतानाच पक्का काठ आलेल्या डेनिमच्या) जीन्ससाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या तरुणांना आपण सहज उधळे ठरवतो. मला ते पटत नाही. ओकायामा प्रांतातील कोजिमा परिसरात आजही धोट्याच्या जुन्या मागांवर हे कापड संथपणे विणले जाते, आणि धोटा बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत न तोडता मागेपुढे नेत असल्यामुळे आपल्या लुगड्याच्या काठासारखी, न उसवणारी पक्की किनार त्याला मिळते. पन्हा जेमतेम ३० इंचांच्या आसपास, म्हणून एका जीन्सला कापडही अधिक लागते. निळीत पुन्हा पुन्हा बुडवूनही ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताचा गाभा पांढराच राहतो आणि वरचा निळा थर झिजला की तो दिसू लागतो. त्यामुळे वापरणाऱ्याच्या गुडघ्यांच्या घड्या आणि खिशातल्या पाकिटाची चौकट हळूहळू कापडावर उमटते. सहा वर्षांपूर्वी घेतलेली अशी जीन्स घालून मी आजही ठाण्याहून लोकलने कामाला जातो, आणि ती दरवर्षी अधिकच माझी होत चालली आहे.

धोट्याचे माग आपल्याच जिल्ह्यात, भिवंडीतही आहेत. ते भंगारात निघण्यापूर्वी तेथील कारखानदारांनी आणि राज्याच्या वस्त्रोद्योग विभागाने जाड, काठाच्या डेनिमचा प्रयोग गांभीर्याने करून पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे