पेपरात छापलेला पापलेट हा हलवा होता

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही समुद्रातले मासे कसे ओळखायचे म्हणून अर्धं पान छापलं, बघून बरं वाटलं, नाहीतर सोलापुरात मटणापुढं मासळीला विचारतंय कोण. पण साहेब त्यात पापलेट म्हणून जो मोठा फोटो टाकलाय तो हलव्याचा आहे. वर परत लिहिलंय की पापलेटमध्ये पांढरा आणि काळा असे दोन प्रकार असतात. काळा म्हणतात तो हाच हलवा. प्रकार नाहीत वो ते, दोन वेगळे मासे आहेत आणि एकमेकांच्या नात्यात पण नाहीत.

एवढ्यावरनं मी पत्र लिहिलं नसतं, पण बुधवारी बाजारात गेलो तर एक जण तुमच्या त्याच पानाचा फोटो मोबाईलवर दाखवून मासेवाल्या मावशींशी भांडत होता. मावशींनी त्याला खरा पापलेट दिला होता, चांगला चकचकीत, आणि हा म्हणतोय मला फसवता काय, पापलेट असा असतो, पेपरात आलंय. मावशी म्हणाल्या, "आवो दादा, पेपरवाल्यानं हलवा छापलाय त्याला मी काय करू?" शेवटी मी मधे पडलो. मी इथल्याच एका कॉलेजात झूलॉजीच्या लॅबमध्ये 31 वर्षं असिस्टंट होतो, आता रिटायर आहे, त्यामुळं गप्प बसवत नाही.

मावशींच्या पाटीत हलवा पण होता. त्या माणसाला म्हटलं रंग सोडा, शेपटी जिथं अंगाला जोडलेली असते त्या देठावर बोट फिरवा, शेपटीकडनं डोक्याकडं. हलव्याला तिथं बारीक खरखर लागते, कारण तिथले खवले कडक होऊन त्यांची छोटी धारच झालेली असते. पापलेटवर तेच बोट फिरवलं तर गुळगुळीत. ही खरखर म्हणजे हलव्याचं आडनाव समजा, तो काटबांगड्याच्या कुळातला आहे, कॅरेंजिडी म्हणतात त्या कुळाला, आणि काटबांगड्याच्या शेपटीवर तर ही धार इतकी कडक की साफ करताना हात कापतो. आता गंमत बघा, हा काटबांगडा नावानं बांगडा पण बांगड्याच्या कुळातला नाही, आणि साधा बांगडा मात्र सुरमईचा भाऊबंद. आपली नावं दिसण्यावरनं आणि चवीवरनं पडलेली, त्यांच्यावर वंशावळ काढायला गेलं की घोटाळा होतोच.

तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगतो, ही चूक करणारे तुम्ही पहिले नाही. 1795 मध्ये ब्लॉख नावाच्या जर्मन डॉक्टरनं हलव्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्यानंही तो पापलेटसारख्या माशांच्या स्ट्रोमॅटियस गटातच टाकला होता. चपटं अंग, बारकं तोंड, आणि मोठं झाल्यावर पोटाखालची पराची जोडी दोघांनाही नसते, मग कोण फसणार नाही. नंतर तो तिथनं काढला आणि नाव झालं पॅरास्ट्रोमॅटियस नायजर, म्हणजे स्ट्रोमॅटियसच्या जवळचा, पण तो नव्हे.

आणि खात्री करायची असेल तर पापलेट घरी नीट साफ करा, म्हणजे कल्ले उपटून फेकायच्या आधी जरा आत बघा. शेवटच्या कल्ल्याच्या मागं, घसा सुरू होतो तिथं जाड भिंतीची एक पिशवी लागते, ती कापली की आतनं दातांसारखी बारीक खडबड असते. पापलेटच्या सगळ्या कुळाची ही खूण. आमच्याकडं एमएस्सीची मुलं आधी हसायची, घशात कुठं दात असतात का सर म्हणून, आणि मग चिमटा लावून बघितलं की गप्प व्हायची. हलव्यात ही पिशवी नाही.

2023 च्या सप्टेंबरात आपल्या सरकारनं पापलेटला राज्य मासा केलं, त्या बातमीत सगळीकडं पॅम्पस अर्जेंटियस हे शास्त्रीय नाव छापून आलं, म्हणजे चंदेरी, हे नाव 1788 पासनंचं. आता संशोधक म्हणतायत की आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट तो नव्हेच, तो पॅम्पस कॅन्डिडस, म्हणजे क्युव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं 1829 मध्ये ज्याचं नाव ठेवलं होतं आणि मधल्या काळात जे अडगळीत पडलं होतं ते. तर राज्य माशाची ही गत, मग हलव्याचं काय घेऊन बसलाय.

बांगड्याबद्दल तुमच्या पानात फक्त "स्वस्त आणि पौष्टिक" एवढंच आहे, मला जरा अन्याय वाटला. ताज्या बांगड्याचं तोंड उघडून आत बघा, कल्ल्यांच्या कमानीला लांब पिसांसारखी दातं ओळीनं दिसतात, पाण्यातलं बारीकसारीक खाणं गाळून घ्यायला. त्याच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द रॅस्ट्रेलिगर, त्याचा अर्थच दाताळं बाळगणारा. आपण शेतात काडीकचरा ओढायला वापरतो तेच दाताळं. दुसरा शब्द कानागुर्ता. आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर विशाखापट्टणमकडचं, त्यांना हे नाव वाचून दाखवलं तर म्हणाल्या यात काय शास्त्र, आमच्याकडं बांगड्याला कानगुर्ताच म्हणतात. बरोबर आहे, तेलुगू कोळ्यांचा शब्द 1816 मध्ये शास्त्रात गेला तो तसाच राहिला. काकूंनी मग त्याचं पुलुसु, म्हणजे चिंचेचं आंबट कालवण, करून पाठवलं.

लॅबमध्ये आमच्याकडं फॉर्मालिनच्या बरण्यांत सगळा समुद्र होता, मुशी, पाकट, समुद्रघोडा, डोक्यावर चकती असलेला चिकटमासा. फॉर्मालिनमध्ये महिनाभरात सगळ्यांचा रंग जातो, पापलेट काय न हलवा काय सगळे पिवळट मळके. म्हणून मुलांना पहिल्या दिवशी सांगायचो रंगावर जाऊ नका, मोजा. पाठीवरच्या परात कडक काटे किती, मऊ किती, कुशीवरची रेघ कुठनं जाते. ती रेघ म्हणजे नक्षी नव्हे, पाण्यातली हालचाल माशाला तिच्यातनं कळते. मोठ्या सुरमईत ती पाठीवरचा दुसरा पर संपतो तिथं एकदम खाली वाकते, ठिपकेवाल्या छोट्या सुरमईत हळूहळू उतरते. आता या सुरमईचे तुकडे करून ट्रेमध्ये मांडले की रेघ कुठं वाकली ते बघणार कसं.

माझं खरं दुखणं तेच आहे. समुद्र इथनं तीनशे किलोमीटरच्या वर, मासा रात्री थर्माकोलच्या खोक्यात बर्फातनं येतो, आणि गिऱ्हाईकापुढं येईपर्यंत त्याचं डोकं, पर, शेपूट सगळं गेलेलं असतं. एका हॉटेलात मी रवस मागवला तर पांढरा, बिनकाट्याचा, बिनचवीचा तुकडा आला, मला तो सरळ बासा वाटला, म्हणजे तळ्यात वाढवलेला गोड्या पाण्यातला पंगस. वेटर म्हणाला साहेब रवसच आहे. भांडणार कशावर? रवसची ओळख छातीच्या पराखाली असते, तिथं चार सुटे दोरे लोंबतात, शास्त्रीय नावातच टेट्राडॅक्टायलम आहे, चार बोटांचा. ते चार दोरे ताटात कुठनं येणार. मेन्यूकार्डावर परत त्याला इंडियन सामन लिहिलेलं. सामनच्या पाठीवर शेपटीजवळ बिनकाट्याचा एक मांसल छोटा पर असतो, तो रवसला नाही, आणि आपल्या बोंबलाला आहे! म्हणून बोंबलाला कोणी सामन म्हणेल का. (बोंबील त्याच्या नात्यातला पण नाही, नाहीतर उद्या कोणतरी तसं पण छापेल.)

त्यापेक्षा उजनी धरणाच्या चिलापीचं बरं, अख्खी येते, तडफडत येते, तिच्याबद्दल कोणाला शंका नाही.

तर साहेब, येत्या रविवारी एक छोटी दुरुस्ती छापा की तो फोटो हलव्याचा होता, मावशींवरचा आळ तरी जाईल. आणि पुढचं पान कराल तेव्हा मासा अख्खा दाखवा, तोंडापासनं शेपटीपर्यंत, पर पसरून, एका कुशीवर झोपवून. इंटरनेटवरनं फोटो उचलू नका. तुमच्या फोटोग्राफरला सकाळी आठच्या आत बाजारात पाठवा, मी असतोच तिथं, मावशींना पण सांगून ठेवलंय. नऊनंतर आला तर उपयोग नाही, डोकी कापलेली असतात.

आपला वाचक,
एक रिटायर लॅब असिस्टंट, सोलापूर