मासा कोण, म्हातारा कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या विद्यार्थी पानावर हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या कादंबरीवर टिपण आले होते. सान्तियागो नावाचा म्हातारा कोळी एकटा समुद्रात जाऊन एक प्रचंड मासा मारतो, पण परतीच्या वाटेवर शार्क तो खाऊन टाकतात, अशी ती गोष्ट. त्यात एक चौकट होती. सान्तियागो म्हणजे येशू, त्याच्या होडीची डोलकाठी म्हणजे क्रूस, शार्क म्हणजे पाप. बाजारातल्या गाइडांतही हाच तक्ता आहे. माझ्या नातवाने कॉलेजच्या चाचणीत तो लिहिला नाही. त्याने लिहिले, येशू हा म्हातारा नव्हे, मासा आहे. पाचपैकी एक गुण मिळाला, तोही अक्षराचा असावा. म्हणून हे पत्र.

मी मालगाडीचा गार्ड होतो, साहित्याशी माझा संबंध वाचण्यापुरता. हे पुस्तक आधी पुलंच्या 'एका कोळियाने'मधून वाचले, मग रेल्वे इन्स्टिट्यूटच्या वाचनालयातून इंग्रजी आणले. पुलंनी दिलेल्या नावात शाळेतल्या कवितेतला, पडून पुन्हा चढणारा कोळी डोकावतो. त्यामुळे ही गोष्ट मी बरीच वर्षे 'प्रयत्ने वाळूचे कण' छापाचीच समजत होतो. क्रूस दिसला तो शेजारच्या आंटीमुळे.

भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमची भिंत एका गोव्याच्या कुटुंबाला लागून होती. अंकल इंजिन ड्रायव्हर. बाहेरच्या खोलीत येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, खाली लाल झिरोचा बल्ब. सान्तियागोच्या झोपडीतही हीच तसबीर आहे, शिवाय क्युबातल्या कोब्रे गावच्या मरियेची, म्हणजे येशूच्या आईची. दोन्ही त्याच्या वारलेल्या बायकोच्या. बायकोचा स्वतःचा फोटो मात्र त्याने उतरवून धुतलेल्या शर्टाखाली ठेवलाय, बघितला की फार एकटे वाटते म्हणून. (ही ओळ कुठल्याच चौकटीत बसत नाही, म्हणून कुठल्याच गाइडात नाही.) आमचे अंकल चर्चला जायचे ते आंटीने इस्त्रीचा शर्ट हातात कोंबला तरच. पण रात्री ड्यूटीला बोलावणाऱ्या कॉलबॉयने दार वाजवले की बूट चढवताना 'नमान मोरिये' ही मरियेची प्रार्थना पुटपुटायचे. सान्तियागोचे तसेच. 'मी काही धार्मिक नाही' म्हणतो आणि त्याच दमात दहा 'आमच्या बापा' आणि दहा 'नमान मोरिये' म्हणायचे कबूल करतो, वर मासा मिळाला तर कोब्रेच्या यात्रेला जाईन असा नवसही बोलतो. चैत्रात आपल्या खानदेशातून सप्तशृंगीला पायी निघणाऱ्यांत असले नास्तिक शोधायला लांब जावे लागणार नाही.

एका गुड फ्रायडेला आंटी आम्हा नवराबायकोला चर्चमध्ये घेऊन गेली. भिंतीवर ओळीने चौदा चित्रे. एकेकापुढे थांबून, गुडघे टेकून लोक पुढे सरकतात. त्या चित्रांत येशू क्रूसासकट तीनदा पडतो. रात्री घरी येऊन मी कादंबरीची शेवटची पाने काढली. म्हातारा डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो, वर पोचून पडतो, काठी खांद्यावर तशीच. झोपडी गाठेपर्यंत पाचदा खाली बसतो. पाचदा! तक्ताच भरायचा असता तर हेमिंग्वेने तीन लिहिले असते, त्याला कोण अडवणार होते? मला वाटते, तो त्या क्षणी म्हाताऱ्याच्या गुडघ्यांकडे बघत होता. मग म्हातारा पालथा झोपतो, हात लांब केलेले, तळवे वर. दोरीने फाटलेले ते तळवे.

त्याआधी समुद्रात दोन शार्क येताना दिसतात तेव्हा त्याच्या तोंडून 'आय' असा आवाज निघतो. हेमिंग्वे सांगतो, या शब्दाचे भाषांतर होत नाही. खिळा हातातून आरपार लाकडात जाताना माणसाच्या तोंडून नकळत निघावा तसा तो आवाज. (आम्हा मराठी माणसांना भाषांतर लागतच नाही. बाभळीचा काटा रुतला तरी हेच निघते.) हे लिहिणारा माणूस त्याच १९५२ साली बर्नार्ड बेरेन्सन या कलासमीक्षकाला पत्रात कळवतो की यात प्रतीकबितीक काही नाही, समुद्र म्हणजे समुद्र आणि म्हातारा म्हणजे म्हातारा. बिलंदर! पुढे १९५४चे नोबेल मिळाले आणि ते पदक त्याने दिले कुणाला, तर कोब्रेच्याच मरियेला.

आता नातवाचे म्हणणे. मासा ही ख्रिस्ती लोकांची फार जुनी खूण. ग्रीकमधल्या 'मासा' या शब्दाची अक्षरे सुटी केली की 'येशू ख्रिस्त, देवाचा पुत्र, तारणारा' यांची आद्याक्षरे होतात. कादंबरीतल्या माशाच्या कुशीत भाला घुसतो, बायबलात क्रूसावरच्या येशूच्या कुशीत घुसतो तसाच. उलट सान्तियागो हे स्पॅनिश नाव संत याकोबाचे. तो येशूचा शिष्य, गालील सरोवरावरचा कोळी. म्हणजे नावाने म्हातारा शिष्य ठरतो. आणि मासा मरतो तिसऱ्या दिवशी, ज्या दिवशी येशू उठला. इथेही हिशेब उलटाच.

पण पोराने दाखवलेल्या एका ओळीने माझी झोप उडवली. प्रार्थना म्हणून झाल्यावर म्हातारा मरियेला विनवतो, या माशाच्या मरणासाठी प्रार्थना कर, मासा कितीही थोर असला तरी. नातू म्हणाला, "आबा, मासा जर येशू असेल, तर हा आईकडेच लेकाचं मरण मागतोय." मी इतकी वर्षे ती ओळ नुसती ओलांडून गेलो होतो. आणि तोच म्हातारा त्या माशाला भाऊ म्हणतो, आणि पुढे त्याच्या हाडांसाठी मध्यरात्रीपर्यंत शार्कशी झुंजतो. मारणारा तो, राखणाराही तोच. खुणा म्हाताऱ्याच्या अंगावर आहेत, माशाच्याही आहेत. 'म्हणजे' म्हणून एकाचे नाव दुसऱ्यापुढे लिहिले की हे सगळे वाहून जाते.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नारळाला नथ घालतात, रोटांचा नैवेद्य होतो, दुसऱ्या दिवशी नदीवर निरोप देताना माझ्या आईचे डोळे भरून यायचे. 'नारळ म्हणजे कानबाई' असा तक्ता तिच्यापुढे धरला असता, तर तिने तो चुलीत घातला असता.

नातवाच्या पेपरात 'येशू मासा आहे' या ओळीखाली लाल शाईने 'विषयाला सोडून' लिहिले आहे. आपल्या पानावर ती चौकट पुन्हा छापणार असाल, तर माशापुढची जागा कोरी ठेवावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त गार्ड, भुसावळ