विषय : आईचा अंगठा घेतलात, पण इन्सुलिन समजावून सांगितलं नाहीत

प्रति,
व्यवस्थापक,
सोलापूर

आज दुपारी तुमच्या रुग्ण संपर्क विभागातल्या बाईंनी "मॅडम, आमच्याकडून विषय क्लोज झालाय" असं म्हणून फोन ठेवला. माझ्याकडून तो झालेला नाही, म्हणून हे पत्र.

माझी आई, वय ६४, तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डात सहा दिवस होती. पायाची जखम आणि ४०० च्या वर गेलेली साखर. उपचारांबद्दल तक्रार नाही. जखम भरत आली आहे आणि डॉक्टरांचे आभार मी तेव्हाच मानलेत. तक्रार शेवटच्या दिवसातल्या दोन-तीन मिनिटांची आहे.

डिस्चार्जच्या दिवशी मला अकरा वाजता खाली बिलिंगला पाठवलंत. उरलेली औषधं परत करा, त्याची पावती आणा, ॲडव्हान्सची मूळ पावती दाखवा, यात दीड तास गेला. नेमक्या त्याच वेळात वर सिस्टर आईकडे आल्या आणि इन्सुलिनबद्दल उभ्याउभ्या म्हणाल्या, "आजी, सकाळी चौदा, संध्याकाळी आठ, जेवणाच्या अर्धा तास आधी. फ्रीजमध्ये ठेवायचं. समजलं ना?" आईने मान हलवली. हे मला शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी नंतर सांगितलं. मग एका छापील कागदावर आईचा अंगठा घेतला. रुग्णाला त्याच्या भाषेत सर्व सूचना समजावून सांगितल्या आहेत, असं त्या कागदावर लिहिलंय. आणि हे लिहिलंय इंग्रजीत.

माझ्या आईने पन्नास वर्षं विड्या वळल्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो. मराठी तिला भाजी घेण्यापुरती आणि कारखान्यात विड्या मोजून देण्यापुरती येते. तिथे चांगल्या विड्याही छाट म्हणून बाजूला काढल्या तरी मान खाली घालून ऐकायचं, ही तिची सवय. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला ती "नाही समजलं" असं जन्मात म्हणणार नाही. तिच्या मान हलवण्याचा अर्थ एवढाच होता की, तुम्ही बोललात ते मी ऐकलं.

आमच्याकडे फ्रीज नाही, हेही ती बोलली नाही. माठाशेजारी ओल्या फडक्यात बाटली गुंडाळून ठेवली होती, ते मला चौथ्या दिवशी दिसलं.

पुढचा शनिवार आला. आई दर शनिवारी बालाजीचा उपवास धरते, आम्ही त्याला ओक्कपोद्दु म्हणतो. जेवण एकदाच, संध्याकाळी. सिस्टरने सांगितलं होतं म्हणून सकाळी आठला तिने चौदा युनिट घेतले. देवाचं होतं म्हणून कोरा चहा पिऊन बसली. दोन्ही शब्द तिने पाळले. साडेदहाला शेजारच्या काकू आल्या, तर आई मांडीवर विड्यांचं सूप घेऊन बसलेली, तंबाखू लुगड्यावर सांडलेली, अंग घामाने निथळतंय आणि ती वारलेल्या आजीशी बोलतेय. काकूंच्या यजमानांना साखर आहे, त्यामुळे घरात मशीन होतं. साखर निघाली ४६. आई गिळू शकत होती म्हणून काकूंनी लगेच साखरेचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी ६३. पुन्हा पाजलं, तेव्हा कुठे ८८. काकू त्या दिवशी बाजाराला गेल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मी रोज करते.

साखर ७० च्या खाली गेली की धोका, घाम-थरथर-बडबड सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आणि जेवण चुकणार असेल तर डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. हे सांगायला किती वेळ लागतो? आणि "आजी, उपवास करता का?" हा एक प्रश्न. सोलापुरात एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहे, रोजे आहेत, आमचा शनिवार आहे. इन्सुलिन देऊन घरी पाठवताना हा प्रश्न इथे प्रत्येकाला विचारायला हवा.

आता तुमच्या फोनविषयी. पहिल्या फोनला उत्तर मिळालं की, डिस्चार्जनंतर जबाबदारी आमची नाही. दुसऱ्याला, वरिष्ठ फोन करतील. कुणी केला नाही. तिसरा आजचा. तो मी शब्दन्‌शब्द लिहून ठेवलाय.

मी विचारलं, "आईला सूचना कुठल्या भाषेत सांगितल्या?"

त्या म्हणाल्या, "मॅडम, फाईलला पेशंटचा अंगठा आहे."

"अंगठा कुठल्या भाषेत असतो?"

"मॅडम, तुम्ही आवाज वाढवू नका, कॉल रेकॉर्ड होतोय."

मी आवाज वाढवला नव्हता. तरी आणखी हळू विचारलं की, आईला मराठी नीट समजत नाही हे सिस्टरना माहीत होतं का. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या आईला मराठी येत नाही, त्याला आम्ही काय करणार? पेशंटने विचारायला पाहिजे ना." मागे कुणीतरी हसलं. तेही रेकॉर्ड झालं असेल, ऐका.

सोलापुरातल्या दवाखान्याने हे बोलावं? या गावाच्या गिरण्या, माग, विड्या तेलुगू बोलणाऱ्या हातांवर चालल्या. अक्कलकोटकडून येणारा तुमचा निम्मा रुग्ण कन्नड बोलतो. बिल देताना आमची भाषा तुम्हाला कधी आडवी आली नाही. आणि फाईलला अंगठा आहे, हे मला पुन्हा सांगू नका. अंगठा समजल्याचा नसतो, शाई लागल्याचा असतो.

हे तुमच्याच वॉर्डात नीट होताना मी पाहिलंय, म्हणून जास्त राग आहे. तिसऱ्या रात्री पाळीवर एक तरुण सिस्टर होत्या. त्यांनी स्टूल ओढलं, आईच्या डोळ्यांसमोर बसल्या, तेलुगू येणाऱ्या वॉर्डातल्या मावशींना हाक मारली आणि म्हणाल्या, "आजी, सकाळी उपाशीपोटी रक्त घ्यायचंय. तर उठल्यावर काय करायचं नाही, ते तुम्ही मला सांगा." आई म्हणाली, चहा नाही. "आणि बिस्किट?" आई हसली, म्हणाली, तेही नाही. चार मिनिटं लागली असतील. नर्सिंगमध्ये याला टीच-बॅक म्हणतात. सांगितलेलं रुग्णाकडून त्याच्या शब्दांत परत ऐकायचं. "समजलं ना?" याला हो म्हणणं सोपं असतं, परत सांगायचं तर समजावंच लागतं. त्या सिस्टरना माझा नमस्कार कळवा.

डिस्चार्ज देणाऱ्या सिस्टरवर कारवाई करून हे प्रकरण मिटवू नका. त्या दुपारी अठरा कॉटना त्या एकट्या होत्या, मी मोजल्यात. मान वर करायला सवड नसलेल्या बाईने स्टुलावर बसायचं कधी? माणसं कमी ठेवणं हा निर्णय तुमचा आहे, त्यांचा नाही. तुमच्या नावावर विश्वास ठेवून आम्ही जवळचा दवाखाना सोडून आलो होतो. तो विश्वास आता राहिलेला नाही.

मला पैसे नकोत. डिस्चार्जच्या सूचना नातेवाईक समोर असताना द्या, त्याला बिलिंगच्या रांगेत उभं करून नव्हे. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दूत चित्रांसह एक पान छापा. तेलुगू आणि कन्नड येणारं माणूस प्रत्येक पाळीला असू द्या. अंगठा घ्यायच्या आधी रुग्णाने काय परत सांगितलं, ते फाईलला लिहा. यातलं काय करणार आणि कधीपासून, ते पंधरा दिवसांत लेखी कळवा.

उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच ठरवलंय. तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे आणि वकील लागत नाही. १९१५ या हेल्पलाइनवरही नोंद करीन. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ पासून आहे. तुमच्याकडे ती मला सहा दिवसांत कुठे दिसली नाही. तीही महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवीन.

उत्तर मराठीत पाठवा. ते मी आईला तेलुगूत वाचून दाखवणार आहे, आणि तिला काय समजलं ते तिच्याकडून परत ऐकणार आहे.

रुग्णाची मुलगी

सोबत : डिस्चार्ज कार्ड, अंगठ्याचा कागद आणि बिल यांच्या प्रती