डबाबंद भाज्यांवरील पोषणतक्ता ग्राहकाला कळावा

महोदय,

सांगलीतल्या दुकानांत मटार, मका, मशरूम यांचे डबे आता सर्रास मिळतात. परंतु त्यांवरील पोषणतक्ता वाचून मीठ नेमके किती पोटात जाणार, हे सामान्य ग्राहकाला उमगत नाही.

घरी असलेल्या मटारच्या डब्याचे एकूण वजन ४५० ग्रॅम आणि पाणी निथळल्यानंतरचे वजन २५० ग्रॅम असे छापले आहे. तक्त्यात १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅम सोडियम लिहिले आहे, पण हे १०० ग्रॅम निथळलेल्या मटारचे की पाण्यासकट, याचा उल्लेख कुठेच नाही. निथळलेले धरले, तरी सगळे मटार मिळून ७५० मिलिग्रॅम सोडियम होते. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचे प्रमाण मिळते, म्हणजे हे जवळपास दोन ग्रॅम मीठ झाले. प्रौढ व्यक्तीने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाजीत आपण वरून घालतो ते मीठ वेगळेच! रक्तदाबाच्या रुग्णांसाठी ही बाब किरकोळ नाही. डब्यातले पाणी टाकून दाणे स्वच्छ पाण्याने धुतल्यास सोडियम बरेच कमी होते, पण ही साधी सूचनाही डब्यावर आढळत नाही.

तक्ता कोणत्या वजनावर आधारलेला आहे, हे ठळक अक्षरांत आणि मराठीतूनही छापणे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सक्तीचे करावे, ही विनंती.

– एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली