कायदेमंत्र्यांना खुलं पत्र: कलम 22 ची दुरुस्ती अजून लागू का झाली नाही?

मा. केंद्रीय कायदेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सर, सप्रेम नमस्कार.

संविधान दिन जवळ आला की दरवर्षी एक चर्चा रंगते, सगळ्यात महत्त्वाचा मूलभूत हक्क कोणता. कोणी म्हणतं 19, कारण तोंडच उघडता आलं नाही तर बाकीचं मागणार कसं, कोणी म्हणतं 21, जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क, त्याच्यावर काय असणार, आणि ज्यांनी घटना समितीतली भाषणं वाचलीत ते 32 वर, म्हणजे हक्कांसाठी थेट सुप्रीम कोर्टात जाता येण्याच्या कलमावर, बोट ठेवतात कारण खुद्द बाबासाहेबांनी 9 डिसेंबर 1948 ला त्या कलमाला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. अटक झालेल्या माणसाचे हक्क सांगणाऱ्या कलम 22 चं नाव क्वचितच कोणाच्या तोंडी येतं. माझं मत असं आहे की साध्या माणसाचं स्वातंत्र्य टिकतं की जातं ते याच कलमावर ठरतं, आणि या कलमाचं एक काम केंद्र सरकारच्या टेबलावर कित्येक दशकं पडून आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

मी तालुका कोर्टात वकिली करते, विधी सेवेच्या केसेस घेते. रिमांडची, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का ते कोर्ट ठरवतं ती, वेळ कशी असते ते सांगते. शिपाई दोन-तीन आरोपी घेऊन येतो, नातेवाईक बाहेर व्हरांड्यात पिशवीत कपडे घेऊन उभे, कित्येकदा त्यांना गुन्हा कोणता लावलाय हेसुद्धा माहीत नसतं. रिमांड रिपोर्ट समोर जातो, तपास अधिकारी म्हणतात मुद्देमाल जप्त करायचाय, साथीदार शोधायचेत, पीसीआर (पोलीस कोठडी) द्या. मग कोर्ट आरोपीला विचारतं, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? तो मान जरा वळवून शेजारच्या शिपायाकडे बघतो आणि म्हणतो, नाही. रोजनाम्यात 'तक्रार नाही' अशी नोंद होते. सगळं मिळून पाच-सात मिनिटं.

एवढीशी पाच-सात मिनिटं, तीही अशी घाईची, पण तीसुद्धा नसती तर काय झालं असतं याचा विचार करा. 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायचंच, प्रवासाचा वेळ सोडून, ही 22(2) ची अट. त्यासाठी आरोपीला अर्ज करावा लागत नाही, घरच्यांना वकील शोधावा लागत नाही, पैसे लागत नाहीत, दिल्लीला जावं लागत नाही, पोलिसांनी स्वतःहून त्याला आणायचं असतं. बाकीच्या हक्कांचं तसं नाही. 32 (सुप्रीम कोर्ट) किंवा 226 (हायकोर्ट) खाली हेबिअस कॉर्पस, म्हणजे कैदेतल्या माणसाला कोर्टापुढे आणा असा अर्ज, दाखल करायला आधी कोणाला तरी कळायला पाहिजे की माणूस उचललाय आणि तो कुठे आहे, आणि ज्याच्या मागे कोणीच नाही त्याच्यासाठी कोण जाणार हायकोर्टात? भाषण केल्याबद्दल उचललं तर 19 चा युक्तिवाद जामिनाच्या वेळी किंवा नंतर केव्हातरी होतो, त्या रात्री लॉकअपमध्ये त्याचा उपयोग नसतो. आणि 21 म्हणतं की कायद्याने ठरवलेल्या पद्धतीशिवाय स्वातंत्र्य हिरावता येणार नाही. आज त्या पद्धतीत निदान काय असायलाच हवं ते सांगणारं कलम म्हणजे 22: अटकेची कारणं सांगा, पसंतीचा वकील मिळू द्या, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या.

हे माझंच म्हणणं आहे असं नाही. मूळ मसुद्यात 21 साठी 'ड्यू प्रोसेस' (कायद्याची न्याय्य पद्धत) हे शब्द होते, ते काढले आणि त्यावरून बरीच नाराजी झाली, तेव्हा 15 सप्टेंबर 1949 ला बाबासाहेबांनी 15-अ नावाचं नवीन कलम मांडलं, तेच आजचं 22. जे काढून घेतलं त्याची भरपाई म्हणून हे आणतोय असं त्यांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितलं होतं.

याच्या विरुद्ध सगळ्यात तगडा मुद्दा आणीबाणीचा आहे आणि तो मी टाळणार नाही. 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टाने एडीएम जबलपूर केसमध्ये 4 विरुद्ध 1 असा निकाल दिला की आणीबाणीत स्थानबद्ध (खटल्याशिवाय कैदेत ठेवलेल्या) माणसाला हेबिअस कॉर्पस मागता येणार नाही, नऊ हायकोर्टांनी उलट मत दिलं होतं तरी. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले आणि पुढे जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं गेलं. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या आकड्यांनुसार मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली 34,988 लोक आत होते. म्हणजे कोर्टाचा दरवाजाच बंद असेल तर 22 कागदावरच राहतं, हे खरं आहे आणि 32 वाल्यांचं इथे बरोबर आहे. पण एक गोष्ट बघा, दरवाजा बंद झाल्यावर सगळ्यात जास्त भरडले गेले ते कोण, तर मॅजिस्ट्रेटपुढे न नेता स्थानबद्ध केलेले लोक. आणि ती वाट 22 च्याच आत आहे.

उपकलम 3 सरळ सांगतं की प्रतिबंधक स्थानबद्धतेत, म्हणजे पुढे काही करेल या शंकेवरून कैदेत, असलेल्या माणसाला पहिली दोन उपकलमं लागू नाहीत, म्हणजे ना 24 तास ना वकील. घटना लागू होऊन महिना होतोय तोवर, फेब्रुवारी 1950 मध्येच पहिला प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. मग 1971 ला मिसा, 1980 ला रासुका (राष्ट्रीय सुरक्षा कायदा), आपल्याकडे महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा वगैरेंना स्थानबद्ध करायचा 1981 चा एमपीडीए. रासुकाखाली बारा महिन्यांपर्यंत माणूस खटल्याशिवाय आत राहू शकतो आणि स्थानबद्धता योग्य आहे का ते बघणाऱ्या सल्लागार मंडळासमोर त्याला हक्काने वकील उभा करता येत नाही. ज्याने गुन्हा केल्याचा आरोप आहे त्याला वकील, आणि जो पुढे काहीतरी करेल अशी शंका आहे त्याला नाही, हे मला आजपर्यंत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते. आणीबाणीत हे सगळं भोगून झाल्यावर संसदेने 44 वी घटनादुरुस्ती केली, 1978 ची, 30 एप्रिल 1979 ला राष्ट्रपतींची सही झाली. त्यातलं 359 चं, म्हणजे आणीबाणीत हक्क स्थगित करायच्या कलमाचं, काम झालं, आता आणीबाणीतसुद्धा 20 आणि 21 स्थगित करता येत नाहीत (22 या संरक्षणात नाही, हेही लक्षात घ्या). पण त्याच दुरुस्तीचं कलम 3 होतं, जे 22 मध्ये बदल करणार होतं. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिने ठेवता येतं ते दोन महिन्यांवर येणार होतं. मंडळ हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने बनणार होतं, अध्यक्ष कार्यरत न्यायमूर्ती, बाकीचे सदस्य कार्यरत किंवा निवृत्त न्यायमूर्ती. आज घटनेप्रमाणे न्यायमूर्ती व्हायला 'पात्र' माणूससुद्धा मंडळावर चालतो. आणि काही प्रकारच्या केसेसमध्ये मंडळाकडे न जाताच जास्त काळ ठेवायचा कायदा करण्याचा जो अधिकार संसदेकडे आहे, तो जाणार होता.

हे कलम 3 आजपर्यंत लागू झालेलं नाही. कोणत्या तारखेपासून लागू करायचं ते केंद्र सरकारवर सोडलं होतं आणि ती तारीख कुठल्याच सरकारने जाहीर केली नाही, जनता पक्षाच्या नाही, काँग्रेसच्या नाही, आघाड्यांच्या नाही, तुमच्याही नाही. ए. के. रॉय केसमध्ये हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला होता, तेव्हा कोर्टाने म्हटलं की आम्ही सरकारला तारीख ठरवायचा आदेश देऊ शकत नाही. म्हणजे चेंडू सरकारकडे आहे हे 1981 पासून स्पष्ट आहे. दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने संमत केलेली घटनादुरुस्ती इतकी वर्षं एका नोटिफिकेशनसाठी अडकून राहते, हे मला एक नागरिक म्हणून फार लागतं.

कोणी म्हणेल देशाच्या सुरक्षेचं काय, दहशतवाद आहे, सीमा आहेत. मान्य. मी प्रतिबंधक स्थानबद्धता रद्द करा असं इथे म्हणतच नाहीये. पण एमपीडीएमध्ये वाळू तस्कर आहेत, हातभट्टीवाले आहेत, झोपडपट्टीदादा आहेत, त्यांच्यावर गुन्हे दाखल करून खटला चालवता येतो की. दोन महिन्यांत न्यायमूर्तींनी फाईल बघितली तर कोणाची सुरक्षा धोक्यात येते? उलट कच्ची फाईल लवकर उघडी पडेल, आणि पक्की असेल तर टिकेलच.

साध्या अटकांबद्दलही थोडं बोलते, कारण लोकांचा रोजचा संबंध त्याच्याशी. नोव्हेंबर 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेची कारणं सगळ्याच गुन्ह्यांत लेखी द्या, आरोपीला समजेल त्या भाषेत, आणि सुरुवातीला तोंडी सांगितली असतील तरी रिमांडच्या किमान दोन तास आधी लेखी हातात पडली पाहिजेत. फार चांगला निकाल आहे, वकिलाला निदान वाचायला वेळ मिळतो. पण याचा एकसारखा छापील नमुना प्रत्येक राज्याच्या भाषेत निघाला पाहिजे, नाहीतर एफआयआरमधल्या चार ओळी कॉपी करून 'कारणं दिली' म्हटलं जाईल. दुसरं म्हणजे 24 तास कधीपासून मोजायचे. माणसाला संध्याकाळी 'चौकशीला बोलावलंय' म्हणून नेतात, रात्रभर बाकावर बसवून ठेवतात आणि अटक पंचनाम्यावर वेळ पडते दुसऱ्या दिवशी दुपारची. माणसाची मोकळीक काढून घेतली तेव्हाच अटक सुरू होते असं मुंबई हायकोर्टानेही म्हटलंय. मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 मध्येच तसं स्पष्ट का लिहू नये? स्टेशनात पाऊल टाकल्याची वेळ लिहायची आणि ती वेळ मॅजिस्ट्रेटनी आरोपीला स्वतः विचारायची, शिपायाला जरा लांब उभं करून. याला पैसे लागत नाहीत.

2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांतले 75.8 टक्के लोक कच्चे कैदी होते, हा सरकारचाच आकडा आहे. त्यातला प्रत्येक माणूस कधीतरी त्या पाच-सात मिनिटांतून गेलाय.

तर माझी मागणी अशी की 44 व्या घटनादुरुस्तीचं कलम 3 लागू करण्याची तारीख राजपत्रात जाहीर करा. गृहखात्याचा आक्षेप असेल तर तो काय आहे ते लेखी सांगा. आणि सरकारला ही तरतूद नकोच असेल तर ती काढून टाकायचं विधेयक संसदेत आणा, चर्चा होऊ द्या, मतदान होऊ द्या, कोण कुठल्या बाजूला आहे ते लोकांना दिसू द्या. येत्या अधिवेशनात यावर निवेदन कराल का, एवढं कृपया जाहीरपणे कळवा.

आपली,
तालुका कोर्टातली एक वकील