वस्तीतल्या अंगणवाडीताईंना, पहिलीच्या वर्गाकडून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडून यंदा पहिलीत आलेली मुलं रोज समोर बसतात आणि तुमचे आभार मानल्याशिवाय राहवत नाही, म्हणून हे उघड पत्र. नाव मुद्दाम लिहीत नाही. नाशिकच्या पेठ रोडच्या वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ही मुलं नाक्यावर उभं राहणाऱ्या मजुरांची. गावं सुरगाण्याकडची, पेठ-हरसूलकडची. पाऊस धरला की आईबाप भाता-नागलीच्या आवणीला, म्हणजे रोपं लावायला, गावी जातात आणि लेकरं बरोबर जातात. शाळांचं नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, नेमकी तेव्हाच वस्ती रिकामी होते. मुलं परततात तोवर श्रावण लागलेला असतो. तुमच्याआधी जिथे ही मुलं जायची, तिथे या गैरहजेरीवर एकच उपाय होता: हजेरीतून नाव कमी करायचं. परत आलेल्या आईला ‘आता पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचं. चार वर्षांच्या मुलाला पुढचं वर्ष कुठून असणार? अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली ती अशाच घरांसाठी, आणि अशाच घरांना दारातून परत पाठवलं गेलं, याचा राग अजून जात नाही.

तुम्ही काय केलंत? खुंटी ठेवलीत.

जमिनीपासून अडीच फुटांवर, म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचा हात सहज पोचेल अशी, प्रत्येकाची एक खुंटी. तिच्यावर मुलानं स्वतः निवडलेलं चित्र आणि खाली ठळक अक्षरात नाव. एकीनं खेकडा निवडला, कारण पावसाळ्यात गावी ओहोळात ती खेकडेच धरते. खेळायच्या पत्त्याएवढं तसंच दुसरं कार्ड, चिकटपट्टी गुंडाळून पक्कं केलेलं, दाराशी. आल्यावर मुलानं ते ‘घरी’च्या पाटीवरून काढून ‘आलो’च्या पाटीवर लावायचं. रोज तेच नाव त्याच चित्राखाली बघून मूल वाचण्याआधी आपलं नाव ओळखायला लागतं. हे तर झालंच. पण खरी गोष्ट अशी की मुलं आवणीला गेली तरी तुम्ही त्या खुंट्यांवरची चित्रं काढली नाहीत, दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. दोन महिने म्हणजे या वयाला फार मोठा काळ. चेहरे पुसट होतात, पहिल्या दिवशीचं रडणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ती मुलगी परत आली, दाराची चौकट धरून थोडी थांबली, मग सरळ आत जाऊन खेकड्यावर हात ठेवला आणि पिशवी अडकवली. रडली नाही. तुमची जागा तुमचीच आहे, हे कुणीतरी या मुलांना पहिल्यांदा सांगितलं, तेही न बोलता.

तुमच्या कामाचा परिणाम आम्हाला पहिलीत हातांत दिसतो. तीन वर्षांच्या मुलाला पाटीवर ‘क’ गिरवायला लावला की ते पेन्सिल मुठीत आवळतं, खांद्यापासून हात फिरवतं, आणि ती पकड पुढे सुटता सुटत नाही. तुम्ही आधी माती दिलीत, रात्रभर भिजवलेली, म्हणजे गोळ्याला तडे जात नाहीत. मग मणी ओवणं: दोऱ्याचं टोक मेणात बुडवून कडक केलेलं, नाहीतर ते पिसकटतं आणि मूल कंटाळून उठून जातं. मणी मोठे आधी, बारीक नंतर. हरभरे-चिंचोके मात्र तुमच्या नजरेसमोरच, कारण या वयात ते नाकात जातात. असे हात तयार झालेलं मूल पेन्सिल तीन बोटांत धरून येतं.

अंकांचंही तसंच. पन्नासपर्यंत घडाघडा म्हणणारी मुलं आम्ही खूप पाहिली. ‘पाच चिंचोके दे’ म्हटलं की मूठभर उचलतात. तुमची मुलं एकेक ठेवत मोजतात आणि पाचावर थांबतात. आणि गोष्ट! आठवडाभर एकच गोष्ट: आधी नुसती सांगायची, मग चित्रांसह, मग अर्ध्यावर थांबून मुलांकडून पुढचं काढायचं, शेवटी नाटक. रोज नवी गोष्ट सांगितली की घरी वेगळी बोली असलेल्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

मुलं येत नसतील तर बालवाडीनं वस्तीच्या अंगणात जायचं, हे बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून डहाणूजवळच्या बोर्डीत करून दाखवलं. तुमच्याकडे बघताना ते जुनं वाटत नाही. भलेपणाला निधी लागत नाही असं म्हणणार नाही, लागतोच. पण त्या खुंट्यांना लागले खिळे, जुने पुठ्ठे आणि मुलाची वाट बघण्याची तयारी.

तुमच्या मदतनीस ताईंनाही नमस्कार सांगा. खिचडी निवल्याशिवाय त्या पुढे ठेवत नाहीत, आणि न आलेल्या मुलाच्या घरी चौकशीला त्याच जातात.

आता एक मागणं. येत्या जूनमध्ये आवणीला जाणाऱ्या, पहिलीत येणाऱ्या मुलांची नावं आणि त्यांची चित्रं आम्हाला आधीच द्या. आमच्या वर्गाच्या भिंतीवर खुंट्या मारून घेतो आहोत. सहा वर्षांच्या मुलांसाठी तीन फुटांवर चालेल ना, तेवढं कळवा.

तुमच्या ऋणात,
पहिलीच्या वर्गाचे शिक्षक, नाशिक