मंत्रीसाहेब, आमच्या गंडगायच्या पुलाचे खांब गेले कुठे?

मा. मंत्रीमहोदय, सिडनी यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही, माहितीये. इंग्लिशमध्ये तीन मेल टाकून झाले, तिन्हींना उत्तर एकच, 'आपल्या भावनांची नोंद घेतली आहे'. म्हटलं, आता निदान मला नीट भांडता येतं त्या भाषेत भांडू.

ऑस्ट्रेलियातल्या आमच्या या छोट्या गावात, गंडगायात, मरंबिजी नदीकाठच्या सपाट कुरणावरचे ते लांबच लांब लाकडी पूल 2021 मध्ये पाडायला घेतले, तेव्हा तुमच्या खात्याचे एक साहेब माझ्याच मोटेलात उतरलेले. सकाळी टोस्टला जॅम लावता लावता म्हणाले, चार-पाच खांब जपून ठेवू, तिथे पाटी लावू, तुम्ही काळजी करू नका. मी केली नाही, तिथेच चुकलं. परवा पत्र आलं, असं कुठलंही आश्वासन रेकॉर्डवर नाही. कसं असेल? जॅमवरचं आश्वासन ते!

लाकूड कुजलेलं होतं, मान्य. खालून जाणं धोक्याचं होतं, तेही मान्य. पण कुजेपर्यंत झोपलं कोण होतं? ट्रेन 1984 लाच बंद, हायवे 1977 पासून नव्या पुलावरून गावाला वळसा घालून जातो, गाडी थांबायची ती त्या जुन्या पुलांचे फोटो काढायला आणि फोटो काढता काढता संध्याकाळ झाली की लोक माझ्याकडे रूम घ्यायचे. माझ्या 14 खोल्या आहेत, काल 3 भरल्या. निम्मा धंदा बुडाला म्हणतो मी, वही तपासलेली नाही, पण बायको म्हणते निम्म्याहून जास्त. मुलगा सिडनीला निघालाय, त्याला काय तोंडाने थांबवू?

आणि हे गाव अर्जांना नवं नाही हो. 1844 च्या पुरानंतर लोकांनी तेव्हाच्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नर गिप्सना विनवलं, वर उंचावर जमीन बदलून द्या. नाही म्हणाले. इथे पाणी चढतं हे विराजुरी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आधीपासून सांगत होते, त्यांचं कोण ऐकतो. जून 1852 मध्ये एका रात्रीत जेमतेम अडीचशे वस्तीच्या गावातली 80 च्या वर माणसं पुरात गेली. यारी नावाच्या विराजुरी माणसाने झाडाच्या सालीच्या होडीतून एकेक माणूस काढला, त्यांच्यातल्याच जॅकी जॅकीनेही माणसं काढली, दोघांनी मिळून 69 जण वाचवले म्हणतात. बक्षीस काय, तर गळ्यात अडकवायचा धातूचा बिल्ला! त्यांचा पुतळा बसला 2017 मध्ये, म्हणजे 165 वर्षांनी. त्या रेटने माझी पाटी 2186 ला लागेल.

गावाजवळच्या जेवणाच्या डब्यावर बसलेल्या त्या प्रसिद्ध कुत्र्याचं मात्र नशीब बघा, त्याच्या पुतळ्याच्या अनावरणाला 1932 साली खुद्द पंतप्रधान लायन्स आले. (आईला फोनवर गावाचं नाव सांगितलं तर म्हणाली, गाय कसली पाळतोस? तिला काय सांगू, इथे कुत्र्यालाच मान.)

मग 2016 ला आमची कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, शेजारच्या कूटामंड्राशी जबरदस्तीने जोडली, खर्च वाचेल म्हणे. कोणाचा वाचला? सिडनीत बसून नकाशावर रेघ मारायची, आम्ही ती निस्तरायची, पक्ष कुठलाही असो, सगळे एका माळेचे मणी. पुण्यात होतो तेव्हा वाटायचं सरकारी दप्तर म्हणजे आपलंच दुखणं, इथे येऊन तोही भ्रम गेला.

खांब कुठल्या गोदामात पडलेत तेवढं कळवा, ट्रेलर माझा घेऊन येतो, डिझेल पण माझंच. फोन दुपारी करा, संध्याकाळी चेक-इन असतं. असलंच तर.